पाण्याचे उचंत खाते

गेल्या श्रावणात आमच्या वहिनींना हुडहुडी भरून ताप आला. तीन दिवस गावातल्या गोळ्या झाल्या, मग तालुक्याला सलाईन झाले, आणि तरीही ताप हटेना तेव्हा पुतण्याने त्यांना गाडीत घालून अकोल्याला नेले. मी खामगावहून तिथे पोचलो तोवर लघवीच्या तपासणीचा कागद हाती आला होता. सदतीस वर्षे बँकेत काढल्यामुळे रकाने आखलेला कागद दिसला की माझा हात आपोआप चष्म्याकडे जातो. डाव्या बाजूला सोळा औषधांची नावे होती आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. 'एस' म्हणजे या औषधाला जंतू शरण येतो, 'आर' म्हणजे येत नाही. सोळापैकी अकरांपुढे 'आर' होते.

वहिनींचे वय बाहत्तर. थोरले बंधू गेल्यापासून शेताचा व्यवहार त्याच पाहतात आणि हिशेबात त्यांना फसवणे कुणाला जमलेले नाही. "काय लिवलं हाये त्याच्यात, भाऊजी?" त्यांनी विचारले. मी अकराही नावे वाचून दाखवली. त्या थोडा वेळ छताकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "यातल्या निम्म्याचं म्या नावबी ऐकलं नाही. जल्मात तोंडात घातलं नाही. मंग ते चालत नाही हे त्या जंतूले आधीच कसं ठाऊक?"

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले, हसले आणि म्हणाले, "आजी, जंतू हुशार झालेत." उत्तर काही चूक नव्हते, पण प्रश्नाचे उत्तर ते नव्हते. दहा दिवस शिरेतून महागडी इंजेक्शने घेऊन वहिनी बऱ्या झाल्या, गावी गेल्या आणि तुरीच्या निंदणीवर बायांच्या मागे उभ्याही राहिल्या. त्यांचा प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही व्हाउचर नसलेली नोंद होती. खात्यात आकडा दिसतो, पण तो कुणी, केव्हा आणि कशाच्या आधारे टाकला याचा कागद सापडत नाही. अशी नोंद दिसली की ऑडिटर जेवायला उठत नाही. मीही गेले वर्षभर तो कागद शोधतो आहे. जे हाती लागले ते आज वाचकांपुढे ठेवतो.

आमचे गाव घाटाखालचे, पूर्णेच्या काठचे. बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत हे बाहेरच्यांना सांगावे लागते. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा तो घाटावरचा मुलूख आणि तिच्या पायथ्याशी पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला काळ्याभोर मातीचा तो घाटाखालचा. या काळ्या मातीखालचे पाणी खारे आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जाणाऱ्या या पट्ट्याला लोक खारपाणपट्टाच म्हणतात. त्यामुळे पाणी दिसते तसे नसते, हे आमच्याकडच्या पोराला शाळेत जायच्या आधीच कळते. आमची आई गढूळ पाण्यात निवळी उगाळून फिरवायची, कधी तुरटी. पाणी नितळ व्हायचे, पण चव खारटच राहायची. नितळ पाणी आणि चांगले पाणी यांत फरक आहे, हा पहिला धडा मी त्या माठापाशी शिकलो.

आता जंतुनाशक औषधांविषयी. त्यांना नावे ठेवायला मी बसलेलो नाही. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंगला बुरशीतून पेनिसिलिनचा शोध लागला. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि देशात पेनिसिलिन तयार होऊ लागले. माझे थोरले बंधू लहानपणी न्यूमोनियातून उठले ते अशाच इंजेक्शनांमुळे, असे आई सांगत असे. आमच्या आधीच्या पिढीत घरटी एक-दोन मुले दगावत, आमच्या पिढीत ती जगली. पण त्याच फ्लेमिंगने १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना बजावून ठेवले होते की, औषध अपुऱ्या मात्रेत पोटात गेले तर जंतू मरत नाहीत, उलट त्या औषधाला सरावतात. हा इशारा माणसाच्या पोटापुरता आहे असे आपण धरून चाललो. नदी, नाला, विहीर यांनाही पोट असते, हे ध्यानात आले नाही.

गोळी आपण गिळतो, तिचे पुढे काय होते? बरीचशी जंतुनाशके शरीरात पूर्ण खर्च होत नाहीत. अमॉक्सिसिलिनचा तर अर्ध्याहून अधिक भाग जसाच्या तसा लघवीतून बाहेर पडतो. तो न्हाणीतून नालीत, नालीतून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जातो. जिथे सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रे आहेत तिथेही ती मुख्यतः मैला, गाळ आणि घाण कुजवण्यासाठी बांधलेली असतात. औषधाचे रेणू वेचून काढणे हे त्यांचे काम कधी नव्हतेच. मग नाल्यातल्या असंख्य जंतूंना त्या औषधाचा रोज एक पुसटसा डोस मिळतो. मरण्याइतका नाही, सरावण्याइतका. आणि जंतूंचा स्वभाव असा की, एकाला युक्ती सापडली की ती तो फक्त आपल्या पिलावळीला देतो असे नाही, शेजारच्या निराळ्या जातीच्या जंतूलाही देतो. ही युक्ती लिहिलेली जनुकांची छोटी कडी एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाते, शाळेतल्या उत्तरांच्या चिठ्ठीसारखी. ज्याने धडा वाचलाच नाही त्याच्याही हाती उत्तर पडते.

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. औषध त्यांनी खाल्ले नव्हते. ते दुसऱ्या कुणी तरी खाल्ले होते. चिठ्ठी हातोहात फिरत त्यांच्यापर्यंत आली. पाण्यातून, भाजीतून, दवाखान्यातल्या दाराच्या कडीवरून, नेमकी कुठल्या वाटेने ते एका माणसाच्या बाबतीत सांगता येत नाही. पण वाटा आहेत हे सिद्ध झालेले आहे. २०११ साली 'लॅन्सेट'च्या संसर्गजन्य रोगांवरील नियतकालिकात दिल्लीच्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध झाली. अत्यंत प्रभावी औषधांनाही निकामी करणारे एक जनुक नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ नमुन्यांत आणि रस्त्याकडेला साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत आढळले. ही रुग्णालयातली खाट नव्हे, रस्त्यावरचे डबके होते.

त्याच्याही आधी, २००७ साली, स्वीडनच्या योकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादजवळच्या पाटणचेरूचे पाणी तपासून जगाला धक्का दिला होता. सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी जिथे एकत्र शुद्ध होत असे, त्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे औषध लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत होते. रोगी ते औषध घेतो तेव्हा त्याच्या रक्तात असते त्याहून हे जास्त. एका दिवसात वाहून जाणारे औषध सुमारे ४५ किलो भरले. सगळ्या स्वीडन देशाला तेवढे पाच दिवस पुरले असते. शुद्ध झालेल्या पाण्याची ही गत.

इथे दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळे होता आले असते तर बरे झाले असते. पण माझे स्वतःचेही एक खाते आहे. ऐंशीच्या आणि नव्वदीच्या दशकांत मी याच जिल्ह्यात शेतीकर्जे पाहत असे. म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांसाठी शेकडो प्रकरणे माझ्या सहीने मंजूर झाली. कोंबडीपालनाच्या प्रकल्प अहवालात पिल्ले, शेड, खाद्य यांच्याबरोबर 'औषधे' असा एक रकाना असायचा. पिल्ले आजारी पडू नयेत आणि लवकर वजन धरावे म्हणून खाद्यातच थोडे थोडे जंतुनाशक मिसळायची पद्धत तेव्हा सर्रास होती. मी तो रकाना तपासायचो तो फक्त एवढ्यासाठी की, बेरीज जुळते का? कर्ज फिटले की माझे समाधान. कोंबड्यांच्या विष्ठेचे खत शेतात जाते, पावसात ते ओढ्याला मिळते, हे माझ्या कुठल्याच फॉर्मवर नव्हते. माणसावरचा अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिन हे औषधही कोंबड्यांना चारले जात होते, आणि त्यावर आपल्या देशात बंदी आली ती २०१९च्या जुलैत. तोवर मी निवृत्त होऊन एक वर्ष झाले होते.

जनावराला दिलेले औषध जनावरापाशी थांबत नाही, याचा एक पुरावा आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. लहानपणी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की तासाभरात गिधाडे उतरायची. ती हळूहळू दिसेनाशी झाली. कुणी म्हणे साथ आली, कुणी म्हणे झाडे तुटली. २००४ साली शास्त्रज्ञांनी कारण सिद्ध केले: गुरांना दुखण्यावर देत असलेले डायक्लोफिनॅक. औषध दिलेले ढोर मेले की ते गिधाडाच्या पोटात जाई आणि गिधाडाचे मूत्रपिंड बंद पडे. २००६ साली गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. ते जंतुनाशक नव्हते, पण धडा तोच आहे.

तर आता कोळशाकडे वळतो, कारण या सगळ्या काळजीत मला थोडी आशा दिसली ती एका काळ्या भुकटीत.

वहिनींची नात अमरावतीला रसायनशास्त्र शिकते. दिवाळीला घरी आली तेव्हा आजीच्या आजारपणाची हकिकत ऐकून तिने आपल्या पिशवीतून दोन डब्या काढल्या. एकीत चुलीतला साधा कोळसा कुटून आणलेला, दुसरीत तिने प्रयोगशाळेत केलेला. दोन्ही आमच्याच शेतातल्या पऱ्हाट्यांचे. कापूस वेचून झाला की उभी राहते ती पऱ्हाटी. आम्ही ती उपटून चुलीत घालतो, नाहीतर धुऱ्यावर पेटवून देतो. तिने काचेच्या दोन बाटल्यांत टेट्रासायक्लिन विरघळवलेले पिवळे पाणी घेतले. एकीत ही भुकटी, दुसरीत ती. तासभर नातवंडांनी आळीपाळीने बाटल्या हलवल्या. मग गाळणकागदातून पाणी गाळले. साध्या कोळशाचे पाणी थोडेसे फिके झाले होते. दुसऱ्या बाटलीतले मात्र स्वच्छ, रंग नसलेले. ओसरीवर बसलेली सगळी मंडळी गप्प झाली.

"आबा, दोन्ही कोळसेच," ती मला म्हणाली, "पण याला आतून मोकळं केलंय."

हे आतून मोकळे करणे म्हणजेच कोळसा सक्रिय करणे, ज्याला बाजारात अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन म्हणतात. लाकूड, नारळाची करवंटी, दगडी कोळसा असे काहीही कार्बनयुक्त घ्यायचे. हवा न लागू देता ते तापवले की साधा कोळसा होतो. मग ८०० ते १००० अंशांच्या उष्णतेत त्यातून पाण्याची वाफ सोडायची. वाफ कोळशाला आतून कुरतडते आणि त्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोके पडतात. दुसरी रीत रसायनाची: आमच्या पोरीने पऱ्हाट्यांचे तुकडे फॉस्फोरिक आम्लात भिजवून भट्टीत घातले होते आणि नंतर सगळे आम्ल निघून जाईपर्यंत धुतले होते. ही घरी करण्याची गोष्ट नव्हे, हे तिने दोनदा सांगितले, मीही सांगतो.

या भोकांच्या भिंतींचे क्षेत्रफळ किती असावे? चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये ते ५०० ते १५०० चौरस मीटर भरते. मी आयुष्यभर सातबारे पाहिलेला माणूस, मला लगेच गुंठे आठवले. हजार चौरस मीटर म्हणजे साधारण दहा गुंठे. चिमटीत मावणाऱ्या एका ग्रॅमच्या पोटात दहा गुंठे, चार ग्रॅममध्ये एकर! औषधाचा रेणू पाण्यातून फिरता फिरता या भिंतीला टेकतो आणि तिथेच चिकटून राहतो. स्पंज पाणी शोषतो तसे हे नाही; माशी गुळाच्या ढेपेला चिकटते तसे आहे. शास्त्रज्ञ याला अधिशोषण म्हणतात. टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांचे रेणू चपट्या कड्यांचे असतात आणि कोळशाच्या भिंतीही तशाच चपट्या थरांच्या, त्यामुळे ते पत्त्यावर पत्ता बसावा तसे बसतात. सल्फामेथॉक्साझोलसारखे काही रेणू मात्र साध्या पाण्यात विद्युतभारित होऊन पाण्याशीच सलगी ठेवतात आणि कोळशाच्या हातून निसटतात.

ही विद्या तशी जुनी. १७८५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये लोविट्झ नावाच्या रसायनतज्ज्ञाच्या लक्षात आले की, कोळसा द्रवातला रंग ओढून घेतो. पुढे साखर पांढरी करणाऱ्या कारखान्यांनी ते उचलले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून बचावासाठी मुखवट्यांत हाच कोळसा भरला गेला. १९१८ साली अमेरिकेत लोकांना पीचच्या बिया आणि अक्रोडाची टरफले टाकू नका, मुखवट्यांच्या कोळशासाठी द्या, असे आवाहन करण्यात आले होते. विषबाधा झालेल्या रोग्यालाही दवाखान्यात ही काळी भुकटी पाण्यात कालवून पाजतात. आमच्या वऱ्हाडात ती कुणाला आणि कशासाठी पाजावी लागते हे वेगळे सांगायला नको. आणि शाळेच्या पुस्तकातली ती एकावर एक मडक्यांची गाळणी आठवते ना? वाळू, खडी आणि मधे कोळसा. तीही त्याच घराण्यातली, फक्त गरीब.

म्हणून लगेच उठून बाजारात धावू नये. सक्रिय कोळशाच्या मर्यादाही तितक्याच पक्क्या आहेत. पहिली मर्यादा आमच्याच पट्ट्याची: कोळसा पाण्यातले मीठ काढत नाही. खारपाणपट्ट्यातल्या माणसाने कोळशाच्या गाळणीवर भरवसा ठेवला तर पाणी खारेच प्यावे लागेल. दुसरी, कोळसा औषध पकडतो, पण औषधाला सरावलेले जंतू खात्रीने मारत नाही. त्यांच्यासाठी क्लोरिन लागते, नाहीतर पाणी उकळावे लागते. उलट बरेच दिवस न बदललेल्या कोळशावर जंतू संसार थाटतात. घरातल्या गाळणयंत्रात कोळसा असतो तो मुख्यतः वास आणि क्लोरिन काढण्यासाठी, आणि त्याची मुदत संपली की तो नुसता शोभेचा. तिसरी मर्यादा, नाल्याच्या पाण्यात पालापाचोळ्याचा, शेणामुताचा जो अर्क असतो तोही याच भिंतींवर जागा धरतो. सणाच्या दिवशीची एस. टी. आठवा. मोक्याच्या जागा आधीच भरलेल्या, आणि औषधाचा रेणू बिचारा दारात लटकलेला.

आणि हेही सांगितले पाहिजे की, पिण्याच्या पाण्यात औषधाचा अंश असला तरी तो सहसा इतका सूक्ष्म असतो की, पेल्यातून कुणाला डोस मिळत नाही. धोका पेल्यातला नाही, पेल्याबाहेरचा आहे. म्हणून कोळशाची खरी जागा स्वयंपाकघरात नसून कारखान्याच्या, रुग्णालयाच्या आणि सांडपाणी केंद्राच्या तोंडाशी आहे. बँकेत आम्ही शिकलो होतो की, खोटी नोट काउंटरवरच पकडावी. ती बाजारात गेली की मुख्य कचेरीही काही करू शकत नाही.

त्या दिवशी ओसरीवर टाळ्या वाजल्या, पोरांनी नितळ पाण्याच्या बाटलीचे फोटो काढले. वहिनी मात्र गाळणकागदावरच्या काळ्या गाळाकडे पाहत होत्या. "बाई," त्यांनी नातीला विचारले, "औषद पान्यातून गेलं ते समजलं. पन गेलं कुठी? या कोळशातच बसलं ना? मंग आता हा कोळसा कुठी टाकशीन?"

नात म्हणाली, "आजी, आमच्या मॅडमनीसुद्धा पहिला प्रश्न हाच विचारला होता."

बँकेत उचंत खाते नावाचे एक खाते असते. एखादी रक्कम कुठे टाकावी हे कळेना की तात्पुरती तिथे टाकायची. दिवसाचा ताळेबंद जुळतो, मॅनेजर घरी जातो. पण रक्कम नाहीशी झालेली नसते, फक्त वर्ग झालेली असते. उचंत खाते वेळेवर मोकळे केले नाही की एक दिवस त्यातून भुते निघतात. मी अशा भुतांच्या चौकशीला बसलेलो आहे. कोळसा हे पाण्याचे उचंत खाते आहे. औषध त्याने पाण्यातून काढून आपल्या पोटात ठेवले. हा भरलेला कोळसा नाल्याकाठी फेकला तर पावसाळ्यात त्यातले काही पुन्हा पाण्यात उतरणार, म्हणजे एवढा खटाटोप करून आपण औषधाचा फक्त पत्ता बदलला. खाते मोकळे करण्याची रीत आहे: दाणेदार कोळसा भट्टीत ८००-९०० अंशांपर्यंत पुन्हा तापवला की चिकटलेले रेणू जळून तुटतात आणि कोळसा बराचसा पहिल्यासारखा होतो. भुकटी असेल तर ती गाळाबरोबर जाळून टाकतात. भट्टी नसेल तर कोळशाची योजना अर्धीच आहे, हे वहिनींना रसायनशास्त्र न शिकता कळले होते.

जगात हे कुठे होते? स्वित्झर्लंडने २०१६पासून कायद्यानेच निवडक सांडपाणी केंद्रांना औषधांसारखे सूक्ष्म प्रदूषक काढणे बंधनकारक केले. देशातल्या सुमारे ७०० केंद्रांपैकी मोठी आणि मोक्याची अशी सुमारे १०० केंद्रे त्यासाठी ठरवली गेली. कुणी ओझोन वायू वापरतो, कुणी सक्रिय कोळसा. युरोपीय संघाने २०२४ साली असाच कायदा केला आणि त्यात खर्चाचा किमान ८० टक्के भार औषध व सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्यांनी उचलावा असे कलम घातले. कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. आपल्याकडे २०२०च्या जानेवारीत केंद्र सरकारने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात शंभराहून अधिक जंतुनाशकांच्या मर्यादा ठरवणारा मसुदा काढला होता. २०२१च्या ऑगस्टमध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्या मर्यादा त्यातून गळाल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने जंतुनाशकांच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविषयी पहिली मार्गदर्शिका काढली ती २०२४च्या सप्टेंबरात. तोवर औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंनी एकट्या २०१९ सालात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार बळी थेट घेतल्याचा अंदाज 'लॅन्सेट'ने छापलेला होता.

सवयीप्रमाणे मी आपल्याकडचा हिशेब मांडून पाहिला. खामगावसारखे लाखभर वस्तीचे गाव धरा. माणशी रोज १०० लिटर सांडपाणी, म्हणजे १ कोटी लिटर. युरोपात लिटरला १० ते २० मिलिग्रॅम भुकटी घालतात. म्हणजे रोज १०० ते २०० किलो, महिन्याला ३ ते ६ टन. आकडा मोठा आहे, पण अशक्यप्राय नाही. आमच्या जिल्ह्यात एकरी टनाच्या आसपास पऱ्हाटी निघते आणि तिचा धूर होतो. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाट्यांपासून फळ्या करण्याची तंत्रे पूर्वीच तयार केली. पऱ्हाटीच्या कोळशावरही ठिकठिकाणी प्रयोग झालेले आहेत. अर्थात कच्चा माल आहे म्हणजे उद्योग झाला असे नाही. त्याआधी सांडपाणी नीट गोळा करून साधे शुद्ध करणारे केंद्र हवे. ते नसताना नाल्यात कोळसा ओतणे म्हणजे ठेवीदार नसताना तिजोरी विकत घेणे. मी हे प्रकरण आज मंजुरीसाठी पुढे पाठवणार नाही. पण फेटाळणारही नाही. 'माहिती मागवावी' असा शेरा मारीन.

या जिल्ह्यात मी काही काळ लोणारलाही होतो. तिथल्या सरोवराला पाणी येण्याच्या वाटा आहेत, जाण्याची नाही. आत जे जाते ते आतच साठते. म्हणून ते पाणी इतके खारे आणि अल्कधर्मी. २०२०च्या जूनमध्ये ते एकाएकी गुलाबी झाले आणि सारा देश पाहायला लागला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले की, पाणी आटून खारटपणा वाढला आणि मीठ मानवणाऱ्या सूक्ष्म जिवांची संख्या वाढून हा रंग आला. आपल्याला वाटते नदी वाहते म्हणून ती विसरते. पण पृथ्वीलाही पाणी बाहेर सोडायला दार नाही. जरा दूरून पाहिले तर आपण सगळे लोणारच्याच काठावर बसलेलो आहोत.

मग घरच्या माणसाने काय करावे? फार मोठे नाही. ज्या पाकिटावर लाल रेघ आहे ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. या रेघेची ओळख करून देणारी मोहीम केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली काढली होती. सर्दी-पडशावर 'स्ट्राँग काहीतरी द्या' असा डॉक्टरांकडे हट्ट धरू नये, कारण बहुतेक सर्दी विषाणूची असते आणि जंतुनाशक तिला काही करत नाही. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस गोळ्या घ्याव्यात, शेजारणीला उरलेल्या देऊ नयेत. म्हशीला कासदाहाचे इंजेक्शन दिले की पशुवैद्य सांगतील तितके दिवस तिचे दूध कुणाला घालू नये, तोटा झाला तरी. आणि उरलेली औषधे न्हाणीत, विहिरीत किंवा उकिरड्यावर टाकू नयेत.

हे शेवटचे लिहिताना मी अडखळतो, कारण दिवाळीच्या त्या रात्री वहिनींनी फडताळातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. बंधूंच्या आजारपणापासूनच्या उरलेल्या गोळ्या त्यात होत्या. आम्ही दोघांनी रोकड मोजावी तशा त्या मोजल्या. लाल रेघेची सतरा पाकिटे निघाली, एकही पूर्ण नाही. कुठे तीन गोळ्या, कुठे पाच. दर वेळी बरे वाटले की थांबलेले औषध. "म्या तर म्हनलं होतं, यातलं निम्मं कधी तोंडात घातलं नाही," वहिनी हळूच म्हणाल्या, "पन निम्मं तर घातलं होतं. अर्धं अर्धं." त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसले ते मी फार वर्षांपूर्वी एका प्रामाणिक रोखपालाच्या चेहऱ्यावर पाहिले होते, कमी आलेली रक्कम त्याच्याच खणात सापडली तेव्हा.

तो डबा मी खामगावला घेऊन आलो. नियमांच्या भाषेत हा घरगुती घातक कचरा. २०१६च्या घनकचरा नियमांत तसे लिहिलेलेही होते. केरळात कोझिकोडपासून २०२५ साली घरोघरच्या न वापरलेल्या औषधांची परत जमा सुरू झाली. माझ्या गल्लीत येणाऱ्या घंटागाडीच्या पोराला मी विचारले, हे कुठल्या कप्प्यात टाकू? त्याने ओल्या कप्प्याकडे पाहिले, सुक्या कप्प्याकडे पाहिले आणि म्हणाला, "राहू द्या काका, सध्या तुमच्याजवळच ठेवा."

तेव्हा सध्या तो डबा माझ्या कपाटात आहे, दोरीने बांधलेला, वर तारखेची चिठ्ठी लावलेला. उचंत खाते म्हणतात ते हेच. मोकळे व्हायचे आहे.